इराण, इस्रायल आणि शुभेच्छुक

जग फार जवळ आलंय, असं आमच्या संपादकांनी पुण्यातल्या एसी बैठकीत जाहीर केलं आणि मुळशी तालुक्याच्या मुठा खोऱ्यातल्या वार्ताहराच्या जिवाला घोर लागला. जगात कुठंही खुट्ट झालं की मुठ्यात पडसाद उमटायलाच हवेत, आणि तेही संध्याकाळी सहाच्या आत, फोटोसह.

जून 2025मध्ये इस्रायल-इराणची जुंपली. लगेच फोन. "मुठ्यात काय प्रतिक्रिया?"

"साहेब, भाताचं रोप टाकायची गडबड आहे. माणसं शेतात आहेत."

"चौकात चार उभी करा. चेहऱ्यावर चिंता पाहिजे."

चार उभे केले. त्यातला एक दहाव्याला आलेला पाहुणा होता, त्याच्याकडे चिंता आयतीच होती. दुसऱ्या दिवशी मथळा : 'युद्धामुळे मुळशीकर हवालदिल'.

वास्तविक मुळशीकराला हवालदिल व्हायला कारण होतं. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून. आपण आयात करतो त्यातला बराचसा वायू कतारचा, आणि त्याची जहाजं इराणच्या दारातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून निघतात. पंचेचाळीस किलोच्या गोणीचा भाव सरकारनं 266 रुपये 50 पैशांवर बांधलेला. त्यामुळे तिकडं तोफा धडाडल्या तरी इथला भाव हलत नाही. माल आटला की दुकानदाराची जीभ तेवढी हलते. "युरिया पाहिजे? मग ही टॉनिकची बाटलीपण न्यावी लागंल." याला लिंकिंग म्हणतात. वार्ताहरानं सगळं लिहून पाठवलं. उपसंपादक म्हणाले, "छान आहे, पण यात आंतरराष्ट्रीय काय?"

शिवाय खतवाल्यांची दिवाळी अंकाला अर्धं पान जाहिरात असते. तिच्या कमिशनवर वार्ताहराची चूल पेटते. मानधनात पेट्रोलही भागत नाही.

तांदळाचंही तेच. जुलै 2023मध्ये केंद्रानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत उडालेली झुंबड आम्ही पहिल्या पानावर छापली. मुठ्यातल्या इंद्रायणी तांदळाला व्यापारी काय भाव देणार, हे विचारायला मुठ्यापर्यंत जावं लागलं असतं. मुठ्यावरून आमची माणसं पुढं जातात ती लवासाला. इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवरचं ते शहर 2018मध्ये दिवाळखोरीच्या कज्ज्यात अडकलं. त्याआधी ते आमच्या मालमत्ता पुरवणीत सुखानं नांदत होतं.

एके काळी 'काळ' साप्ताहिकाचे कर्ते शिवरामपंत परांजपे धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. मुंबईच्या विजेसाठी कुणाची भातखाचरं बुडतायत, हे त्यांना चौकात फोटो न काढता कळलं. अर्थात त्यांना तालुका पानाचं टार्गेट नव्हतं.

2025मध्ये आमच्या एका मुळशी पानावर मात्र जग आणि गाव छान जुळून आलं. वरच्या अर्ध्या पानात अमेरिकेनं भारतावर लादलेल्या 50 टक्के आयातशुल्काचा तीव्र निषेध, खालच्या अर्ध्यात भावी जिल्हा परिषद सदस्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. निषेधकर्ते आणि शुभेच्छुक तेच, फोटोही तेच. वरच्या अर्ध्या पानाचे पैसे द्यायचे की नाही, यावर अजून बोलणी चालू आहेत.