डीपीएस तलावावर व्हिडिओ करणाऱ्या महाशयांस खुले पत्र

महाशय,

नेरूळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो यायला लागले की तुम्हीही येता. एकटेच येता, ट्रायपॉड लावता, फोर-के चित्र घेता. चित्र उत्तमच असतं. आवाजाचा मात्र तुम्ही दरवेळी खून करता, आणि हे पत्र त्या खुनाबद्दल आहे.

तुमच्या गेल्या व्हिडिओत करावे गावातले एक वयस्क मच्छीमार बोलत होते. खाडीचं पाणी तलावात कुठून यायचं, कुठे अडलं, हे ते हात करून दाखवत होते. 2024 च्या उन्हाळ्यात याच परिसरात फ्लेमिंगो मरून पडले, तेव्हा पाणी अडल्याची तक्रार पर्यावरणप्रेमींनी केली होती. त्या तक्रारीला जन्मभर खाडीत वावरलेल्या माणसाची साक्ष तुमच्या कॅमेऱ्यासमोर मिळत होती. आम्हाला ऐकू आली ती वाऱ्याची घरघर आणि पाम बीच रस्त्यावरच्या गाड्या. मग ही घरघर झाकायला तुम्ही वर सिनेमाचं गाणं चढवलंत. साक्षीदाराच्या तोंडावर हात ठेवणं याहून वेगळं नसतं.

कॅमेऱ्याची किंमत तुम्ही वर्णनात लिहिता, म्हणजे पैशांची अडचण नव्हती. अडचण अंतराची होती. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. ते काका कॅमेऱ्यापासून 160 सेंटिमीटरवर उभे होते असं धरू. सदऱ्याला, हनुवटीखाली वीतभर, म्हणजे 20 सेंटिमीटरवर कॉलर माइक लावला असता तर त्यांचा आवाज 18 डेसिबलने जोरात मिळाला असता. रस्त्याचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहिला असता. दीड लाखाचा कॅमेरा हा फरक भरून काढू शकत नाही. साधा कॉलर माइक तो भरून काढतो.

लोकांनी टीका केल्यावर तुम्ही लांबुडका शॉटगन माइक आणलात आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलात. तिथे बसवून अंतर कमी झालं का? सिनेमाच्या सेटवर हाच माइक काठीला लावून कोणीतरी नटाच्या डोक्यावर धरून उभं असतं. एकट्याने चित्रीकरण करणाऱ्याकडे तो माणूस नसतो. शिवाय शॉटगनची दिशा पकडण्याची ताकद वरच्या पट्टीतल्या आवाजांना लागू पडते. ट्रकची खालची घरघर बाजूनेही आत शिरते. आणि एका दिशेचं ऐकणारे माइक वाऱ्याला जास्त बळी पडतात. चारी बाजूंचं ऐकणारा साधा कॉलर माइक खाडीकाठी म्हणूनच अधिक तग धरतो.

तरी माइकला वाऱ्यासाठी टोपी हवीच. सोबत मिळणारी काळी स्पंजची टोपी खोलीत चालते. दुपारनंतर खाडीवरून जो वारा सुटतो त्याला डेडकॅट नावाची केसाळ टोपीच लागते, कारण माइकच्या पडद्यावर हवेचे भोवरे आपटतात तिथेच ती घरघर जन्मते. पडदा एकदा त्या धक्क्याने भरून गेला की त्याखालचा शब्द कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. घरी गेल्यावर साफ करू, हा तुमचा भरवसा खोटा आहे.

दोन ट्रान्समीटरचा वायरलेस संच घ्या: एक तुमच्या कॉलरला, एक समोरच्याच्या. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा घ्या. हे संच बहुधा 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात आणि पाण्याने भरलेलं मानवी शरीर त्या लहरी शोषतं. पक्षी दाखवायला तुम्ही कॅमेऱ्याकडे पाठ केली की आवाज तुटतो. तेव्हा आतली नोंदच वाचवते. एवढा खर्च नको असेल तर जुना मोबाइल खिशात ठेवा, त्याला तारेचा कॉलर माइक जोडा, रेकॉर्डर चालू करा आणि कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलनात त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळतात. फक्त माइकची पिन आधी तपासा. मोबाइलची आणि कॅमेऱ्याची पिन वेगळी असते.

त्या काकांकडे परत जा, माफी मागा आणि सगळं पुन्हा विचारा. जुना व्हिडिओ काढून टाका. आणि यापुढे मुलाखत सुरू करण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. शब्द कळला नाही, तर माइकची जागा बदला. तोवर कोणालाही बोलायला लावू नका.

आपला,
नेरूळचा एक प्रेक्षक