भाडं ठरवणाऱ्या साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. तिकीटदर अधिकारी (साहेब, बाईसाहेब किंवा नुसतंच यंत्र),
कुवेत–मुंबई मार्ग.

विषय : आमच्या उन्हाळी सुट्टीचं आपण जे नियोजन केलंत, त्याबद्दल आभार.

सप्रेम नमस्कार वि. वि.

मंगळवारी रात्री आमच्या कुवेतमधल्या मंगाफच्या घरात चार तिकिटं स्क्रीनवर दिसत होती. ह्यांच्या रजेवर सही व्हायची होती, म्हणून ‘उद्या काढू’ असं ठरलं. बुधवारी सही झाली, तोवर चौघांच्या पैशांत तिघंच बसायला लागले होते. मागे राहणारं चौथं कोण, असा विषय जेवताना निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका रात्रीत एवढं साधणाऱ्या माणसाचं कौतुक लेखी करावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपण काय मोडलंत ते आधी सांगते. मुलगी सोळाची, मुलगा तेराचा, दोघांच्याही पायांना भिंगरी. आजोळ जुन्नरला. बेत साधा होता. शिवनेरी, जीवधन, मग खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगड. गडाच्या पायथ्याशी कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम, पिठलं-भाकरी, ठेचा. फिरायला एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास, १९८८ पासून चालू असलेला, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. पास संपला तरी मला चिंता नाही, कारण २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धंच तिकीट पडतं. हिशेब मांडून पाहिला, तर आम्हा चौघांचं आठवडाभराचं हिंडणं-खाणं-राहणं आपल्या एका जाऊन-येऊन तिकिटात आरामात बसतं. तेव्हा स्वस्तात सुट्टी कशी घालवावी हे आम्हाला कुणी शिकवायला नको. सह्याद्री जवळजवळ फुकट आहे. महाग आहे ती मधली चार तासांची हवा.

त्यातही आमचा धाकटा आपल्या लेखी प्रौढ. त्याला गाडी चालवता येत नाही, मत देता येत नाही, स्वतःचा डबा धुतलेला मी तरी पाहिलेला नाही. पण बारा पूर्ण झाली आणि आपण त्याला परस्पर वयात आणलंत. बारानंतर एसटीही पूर्ण तिकीट घेते. फक्त ती त्याला मोठा माणूस म्हणून चिडवत नाही.

आपल्या गोटातले काही शहाणे विचारतील, की मग कुवेतमध्येच का हिंडत नाही? हिंडतो की. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत वाळवंटात तंबू पडतात, रात्री शेकोट्या पेटतात, मुतलाच्या कड्यावर मुलं पळतात, बोटीनं फैलका बेटावर जाऊन ग्रीकांचे अवशेष आणि इराकी हल्ल्यात चाळण झालेली घरं बघून येतात. सबंध देशाची सर्वांत उंच जागा तीनशे मीटरच्या आसपास, आपलं कळसूबाई १,६४६. तरी हिवाळ्यात तेवढ्यावरही पोरं खूश असतात. पंचाईत अशी की तेव्हा शाळा असते, आणि तंबू उठायच्या सुमारास बोर्डाच्या परीक्षा. मोठी सुट्टी मिळते ती जून ते ऑगस्ट. याच देशातल्या मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि जागतिक हवामान संघटनेनं ती तपासून मान्य केली. त्या दिवसांत मुलं फुटबॉल खेळतात ती रात्री दहानंतर. उघड्यावर चालणं म्हणाल तर मॉलच्या पार्किंगपासून मॉलच्या दारापर्यंत.

आता आपल्या खऱ्या प्रतिभेकडे येते. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४, उघड्यावर काम करायला सरकारची बंदी आहे. ऊन जिवावर बेततं, म्हणून. आपण त्याच तारखा उचलल्यात आणि त्यांना ‘पीक सीझन’ म्हणालात. सरकारला ज्यात धोका दिसला त्यात आपल्याला सुगी दिसली. माणूस जेव्हा इथून निघायलाच हवा, नेमकं तेव्हाच दार सगळ्यांत महाग.

आणि एवढं मोजून पोचावं तर तिकडे काय? हापूस संपलेला. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या ३१ ऑगस्टपर्यंत बंद. धबधब्यांवर बंदीचे हुकूम. त्याबद्दल तक्रार नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर पोलिसानं काठी आडवी धरली तर मी मुलांना मागेच ओढीन. पण एवढं तर कबूल करा, की जे महिने आपण सोन्याच्या भावानं विकता, ते तिकडे निम्मे कुलूपबंद असतात.

‘मग नाताळात या ना,’ असं जाऊबाई म्हणतात. त्यांना आपला सर्वधर्मसमभाव ठाऊक नाही. ईद, ओणम, गणपती, नाताळ, आपण कुठल्याच सणाला कमी लेखत नाही. प्रत्येकाला सारखाच मान देता, सारखंच भाडं चढवता. भारतात एवढं निखळ धर्मनिरपेक्ष खातं दुसरं नसेल.

रात्री दोनची उड्डाणं, गुडघे हनुवटीला टेकवणाऱ्या खुर्च्या, विकतचं पाणी, तराजूवर किलोभरासाठी होणारी शोभा, हे सगळं सोडून देते. ह्यांच्यासारख्या खासगी नोकरदारांना १ जुलै २०२५ पासून देशाबाहेर पडायला मालकाची परवानगी काढावी लागते, तोही दोष आपला नाही. आम्ही परवानगीची वाट बघत असताना आपण भाडं चढवता, एवढंच.

पण एक गोष्ट सोडवत नाही. गेल्या खेपेला माझ्या शेजारी सांगलीकडचा एक सेंट्रिंग कामगार होता. कंपनी त्याला दोन वर्षांनी एकदा तिकीट देते, आणि ते अजून लांब होतं. वडील गेल्याचा फोन आला म्हणून त्यानं उसनवारी करून स्वतः तिकीट काढलं. आदल्या दिवशी काढलं, म्हणून विमानातल्या कुणाहीपेक्षा महाग. अंत्यविधी हुकलाच होता, दहाव्याला तरी पोचायचं होतं. तुमच्या तक्त्यात अशा माणसाला काय म्हणतात? उशिरा जागं झालेलं गिऱ्हाईक? मयताला जाणारा माणूस घासाघीस करत नाही, थांबू शकत नाही, दुसरी तारीख बघू शकत नाही, हे तुमच्या यंत्राला पक्कं कळतं आणि ते त्याचीच किंमत लावतं. आमचा ट्रेक हुकला तर मुलं रुसतील. ह्या माणसाकडून तुम्ही जे घेतलंत त्याला हंगाम म्हणू नका, मागणी-पुरवठा म्हणू नका. ती लूट आहे. साधी, हिशेबी, पावतीसकट लूट.

हे लिहून थोडी थांबले. मग मनात आलं, तुमच्याही हातात खुर्च्या मोजक्याच की. कुवेतमध्ये भारतीय दहा लाखांच्या घरात, आणि दोन सरकारांनी ठरवलेला कोटा दोन्ही बाजूंच्या विमान कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी बारा हजार खुर्च्यांचा. तो हलायला अठराएक वर्षं लागली. जुलै २०२५ मध्ये कुठे अठरा हजारांवर गेला. एवढी वर्षं दारात अशी रांग आणि पुढ्यात तेवढ्याच खुर्च्या, म्हटल्यावर तुमच्या जागी कुणीही निबर झालं असतं. आणि तुमच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असणार. ‘मंगळवारी चार तिकिटं स्वस्तात का दिसत होती?’ असं बुधवारी सकाळी तुम्हाला विचारणारं. तुमच्याही पोरांना सुट्टी जुलैतच असेल, आणि नेमकी तेव्हा तुम्हाला रजा मिळत नसेल. बिचारे.

बिचारे असलात तरी दोन गोष्टी करा. शाळांची सुट्टी कधी लागणार हे वर्ष उगवतानाच ठाऊक असतं, तुम्हालाही आणि आम्हालाही. जानेवारीत एक भाव बोला आणि तो जूनपर्यंत मोडू नका. भारी असला तरी चालेल, आम्ही महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकू. अंगावर येतो तो भाव नव्हे, रात्रीतून बदलणारा शब्द. आणि दर विमानात दोन खुर्च्या मयताला जाणाऱ्यांसाठी नेहमीच्या भाड्यात ठेवा. त्या रिकाम्या राहिल्या तर कंपनी बुडणार नाही.

कळावे, लोभ आहेच, आपल्याला आमच्या पैशांचा.

आपली,
एक प्रौढ प्रवासी
(सोबत आणखी तीन, पैकी एक वय वर्षं तेरा)

ता. क. : तिकिटं काढली. चारही. भरपाई म्हणून मुलीनं सुचवलंय, की मुंबईहून जुन्नरला गाडी करायची नाही. कल्याणपर्यंत लोकल, पुढे एसटीनं वैशाखरे, तिथून पायी नाणेघाट चढायचा. पैसे वाचतील आणि ट्रेकही होईल. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, सातवाहनांच्या काळी व्यापारी त्यात जकात टाकत असं सांगतात. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे, दानांची यादी आहे. सुट्टीच्या दिवसांत जकात तिप्पट केल्याचा उल्लेख मात्र कुठे नाही.