सोयाबीनचा कंपायलर

ज्याला हिशेब करायचा असतो तो कॅल्क्युलेटर घेतो. ज्याला टाळायचा असतो तो हिशेबासाठी आधी नवी प्रोग्रॅमिंग भाषा काढतो. मी संगणक अभियंता, त्यामुळे पहिला मार्ग मला बंदच होता.

मोठेबाबांची, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची, मागणी साधी होती. बाजार समितीतून आलेली सोयाबीनची हिशेबपट्टी बरोबर आहे की नाही, एवढंच त्यांना पडताळायचं होतं. वजन गुणिले दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की व्यापारी लावील ती काटछाट. "लॅपटॉपवर होईन ना रे बापा?" त्यांनी विचारलं. घरून काम करण्याच्या निमित्तानं मी पुण्याहून शिरपूर जैनला येऊन ठेपलो होतो, आणि हा पोरगा दिवसभर खोलीत बसून करतो तरी काय, याचा उलगडा घरच्यांना झाला नव्हता. संधी चालून आली होती. म्हटलं, "होईल. पण मी मराठीत भाषाच बनवतो. तुम्ही नुसतं 'जर', 'तर' लिहायचं, बाकी संगणक बघेल."

"म्या काऊन लिहू? तुले सांगतलं ना म्या," मोठेबाबा म्हणाले.

गिऱ्हाईक असं बोललं की ते न ऐकण्याचा सराव आम्हाला नोकरीत झालेला असतो.

भाषा म्हटली की ती यंत्राला समजावणारा कंपायलर आला. आणि कंपायलर न लिहिता कंपायलर लिहीत असल्याचं समाधान साधनं निवडण्यात मिळतं. इंजिनिअरिंगला ढमढेरे सरांच्या पुस्तकावर मी परीक्षेपुरता तरलो होतो. एहो, सेठी, उलमन यांच्या १९८६ च्या 'ड्रॅगन बुक'चं तर मुखपृष्ठच तेवढं पाठ. त्यावरच्या योद्ध्याच्या तलवारीवर 'एलएएलआर पार्सर जनरेटर' असं लिहिलेलं आहे. मी तलवारी बघत हिंडू लागलो. सगळ्या मुक्त-स्रोत, म्हणजे फुकट. त्यामुळे कितीही बघा, कुणी हटकत नाही.

पहिली जोडी फ्लेक्स आणि बायसन. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या लेक्स आणि याकचे हे वारसदार. फ्लेक्सनं मजकुराचे शब्द पाडायचे, बायसननं त्यांचं वाक्य जुळतंय का बघायचं. मी मोठ्या विश्वासानं फ्लेक्सला 'अ ते ह' अशी अक्षरमाला दिली. पण फ्लेक्सला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. आणि यूटीएफ-८ मध्ये आपल्या एकेका अक्षराचे तीन बाइट होतात. 'तूर' दिली, तर 'त'चा तिसरा हिस्सा हातात घेऊन ते पुढे काय म्हणून उभं राहिलं.

बायसनशी मात्र जमलं. मी त्याला नियम दिला: जर माल ओला तर, जर डागी तर १०० कापा, नाहीतर ५० कापा. यातला 'नाहीतर' कोणत्या 'जर'चा? बायसन 'शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट' म्हणून एकदा कुरकुरतं आणि तो जवळच्या 'जर'ला देऊन मोकळं होतं. आमच्या गावात अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला दोन पंथांच्या वादात १९८१ साली लागलेलं कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघालं. त्या मानानं बायसनचा निकाल फारच झटपट. पण नियम मोठेबाबांकडून तपासून घेतला, तर ते म्हणाले, "ज्या जरमंदी व्यापाऱ्याचं भलं, त्याचा तो नाहीतर." हे व्याकरण बायसनच्या एलएएलआर पद्धतीत बसत नाही.

मग अँट्लर पाहिलं. 'बेरीज म्हणजे बेरीज अधिक संख्या' असा स्वतःपासूनच सुरू होणारा नियम त्याची तिसरी आवृत्ती नाकारायची, २०१३ ची चौथी मुकाट्यानं घेते. ओकॅमलमधलं मेन्हिरही पाहिलं. बायसन चूक झाली की नुसतं 'सिंटॅक्स एरर' म्हणून तोंड फिरवतं. मेन्हिरमध्ये प्रत्येक चुकीचा निरोप आपण लिहून ठेवू शकतो. मी बरेच दिवस फक्त निरोपच लिहिले, तेही वऱ्हाडीत. 'बापा, तुया तर कुठी गेला?' हा त्यातला मला सर्वांत आवडलेला. भाषा अजून नव्हती, पण चुकांची सोय चोख झाली होती. शेवटी यंत्रभाषा पाडायला एलएलव्हीएम वापरायचं ठरलं, कारण एका गुणाकाराला कमी ताकद पुरली नसती.

या सगळ्यांची तुलना मी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये रंगीत तक्ता करून मांडली. चुलतबहीण मागे येऊन उभी राहिली. "दादा, या चौकोनांत गुणाकार होत नाही का रे?" मी तिला अभ्यासाला बसायला सांगितलं.

मन जडलं ते हास्केल या भाषेवर. मागितल्याशिवाय कोणतंही उत्तर काढायचं नाही, हे त्याचं तत्त्व मी लहानपणापासून पाळत आलोय. त्यातल्या पार्सेकमध्ये व्याकरणासाठी वेगळी फाइलसुद्धा लागत नाही. छोटी छोटी फंक्शनं लिहायची, एकमेकांत ओवायची, झालं व्याकरण. फक्त तो बेरजेचा नियम इथे टाकला की पार्सेक स्वतःलाच हाका मारत बसतं आणि लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो. तेवढं सांभाळलं, आणि 'हळद वजन दर' लिहून पाहिलं. तिन्ही शब्द बिनबोभाट ओळखले! मी सगळ्यांना माजघरात बोलावलं. चहा झाला. मोठेबाबांनी चष्मा लावला. मी थाटात 'सोयाबीन' लिहिलं.

पडद्यावर आलं: 'अनएक्स्पेक्टेड २३७९'.

मोठेबाबा उठूनच उभे राहिले. "२३७९? अरे, हमीभाव याच्या दुपटीहून जास्त हाय! हे मशीन तुले व्यापाऱ्यानं देल्लं काय?"

भानगड अशी की पार्सेकचं 'लेटर' फक्त अक्षराला अक्षर मानतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार युनिकोडच्या दफ्तरी नुसती चिन्हं आहेत. 'स' घेऊन ते पुढे सरकलं तो ओकार आडवा आला, आणि २३७९ हा त्या ओकाराचा नंबर. हे समजावत मी घाईघाईनं दुसरी पिकं टाकली. तूर २३७०. मूग २३७०. कापूस २३६६. 'हरभरा' जरा लांब गेला, 'हरभर'पर्यंत पोचून तोही २३६६ वर पडला.

"सारेच भाव पाडले यानं," काकू हळहळल्या.

मात्रांची सोय करायला दोनेक ओळी पुरल्या असत्या. पण मी म्हटलं, घाई नको, आधी मेगापार्सेकशी तुलना करून बघतो.

"राहू दे," मोठेबाबा म्हणाले. "यंदा हळदच लावू. तुया मशीनले तेवढीच समजते."

"ऊसही समजतो, मोठेबाबा," मी उत्साहानं सांगितलं. "दोन्ही अक्षरं सुटी आहेत."

"अन् उसाले पानी तुयं हास्केल देईन काय?"