पावकी-निमकीच्या साहेबांना

मा. भागाकारसाहेब,
गृहनिर्माण व नगरविकास खाते, वॉशिंग्टन.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ होती आणि आम्ही नातवंडं त्यांना हसायचो. कॅलिफोर्नियात भाड्यानं राहायला आलो, १९८०च्या गृहनिर्माण कायद्याचं कलम २१४ आणि त्यावरचे तुमचे नियम पाहिले, आणि आजोबांची मनातल्या मनात माफी मागितली.

आमच्या खालच्या मजल्यावर चौघांचं कुटुंब आहे. बाप हॉटेलात भांडी घासतो, आई लोकांची घरं साफ करते. दोघांकडे कागद नाहीत. दोन्ही मुली इथं जन्मल्या, म्हणून नागरिक. त्यांना भाड्यासाठी सरकारी व्हाउचर मिळतं. तुम्ही डोकी मोजलीत: चारातली दोन पात्र, म्हणून मदत निम्मी. समजा पूर्ण मदत १,६०० डॉलर बसत असेल, तर यांना ८००. हिशेब चोख, तक्रार नाही. अडचण एवढीच की घरमालक निमकी शिकलेला नाही. त्याला भाडं अख्ख्या घराचं लागतं, आणि न्हाणीघरही निम्मं करून देता येत नाही म्हणतो.

घर मिळवतानाची गंमत तर वेगळीच. पुण्यात मालक आधी आडनाव विचारायचे आणि तिथून हळूच मटणाकडे वळायचे. इथं सोशल सिक्युरिटीचे नऊ आकडे मागतात. ते नसतील तर कर्जफेडीचा इतिहास नाही, आणि इतिहास नसलेल्या माणसाला वर्तमानात खोली मिळणं कठीण.

आता थोडं घरचं. मी एच-वन-बी व्हिसावर, बायको एच-फोरवर, मुलगी जन्मानं अमेरिकन. आम्हाला तुमची मदत लागत नाही, पण उद्या लागलीच तर तुमच्या अर्जात मी कुठं बसेन, हे कुतूहलानं पाहिलं. ‘पात्र दर्जाचा दावा करत नाही’ या रकान्यात. म्हणजे खालच्या भांडीवाल्याच्या शेजारी, मांडीला मांडी लावून. गणपतीत मोदक खाता खाता ‘हे बेकायदा लोक’ असा विषय निघाला की तो रकाना मंडळात फिरवावासा वाटतो; पण मोदक बायकोनं केलेले असतात, म्हणून गप्प बसतो. तुमच्या लेखी आमच्या घरातली कर्ती व्यक्ती चार वर्षांची आहे, आणि तिला आज सकाळपासून डाव्या पायातला बूट सापडत नाहीये.

२०१९ साली तुम्हाला अपूर्णांकांचाच कंटाळा आला होता. घरातला एक जरी अपात्र असेल तर त्यानं निघावं, नाहीतर सगळ्यांनीच, असा नियम तुम्ही सुचवलात. तुमच्याच खात्यानं हिशेब मांडला: सुमारे २५,००० कुटुंबं, १,०८,००० माणसं, त्यात ५५,००० पात्र मुलं. पुढची ओळ मी दोनदा वाचली. यांना काढून पूर्ण पात्र कुटुंबं आणली तर त्यांना मदतही पूर्ण द्यावी लागणार, म्हणून खर्च वर्षाला १९ ते २३ कोटी डॉलरनी वाढणार! निमकीत भागत होतं, ते सोडून तुम्ही एके एक म्हणायला निघाला होतात. २०२१मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. मग मार्च २०२५मध्ये तुमच्या खात्यानं अंतर्गत सुरक्षा खात्याशी माहिती वाटून घ्यायचा करार केला, आणि खालच्या मजल्यावर दार वाजलं की आधी टीव्हीचा आवाज बंद होऊ लागला.

आता मुद्द्याचं. आमच्या सिंकचा पाइप गळतो आणि पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात टपकतं. मालक आज येतो, उद्या येतो करतोय. मी खालच्या वहिनींना म्हटलं, तक्रार करा. कॅलिफोर्नियात मालकाला भाडेकरूचा इमिग्रेशन दर्जा विचारता येत नाही, आणि २०१८पासून तर ‘कळवीन हं’ अशी धमकीही देता येत नाही. कायदा छापून दिला. त्यांनी तो नीट घडी घालून मुलींच्या जन्मदाखल्यांच्या डब्यात ठेवला आणि गळतीखाली बादली. तक्रार केली की तपासायला माणूस येणार, आणि त्यांच्या लेखी माणूस म्हणजे सुरक्षा खातं.

तर साहेब, मार्गदर्शन हवं. टपकणारं पाणी तुमच्या हिशेबानं एक तृतीयांश नागरिकाचं आणि दोन तृतीयांश अपात्रांचं. ज्या छतातून टपकतं ते निम्मं पात्र. अशा परिस्थितीत बादली किती भरावी, हे नियमाचा क्रमांक घालून कळवावं.

आपला,
तिघांतला एक

ता. क. उत्तर मुलीच्या नावानं पाठवा, घरात पात्र तीच आहे. फक्त अक्षरं मोठी काढा. तिची बाराखडी अजून सुरू व्हायचीय आणि ए-बी-सी-डी ‘जी’पर्यंतच आलीय.