फुकट्या सायकलवाल्याचे हॉटेलमालकांस पत्र

प्रति,
माननीय मालक,
पुणे-सातारा रस्त्यावरचे एक गर्दीचे मिसळ-केंद्र.

विषय : आपल्या भिंतीतली तीन भोके.
संदर्भ : 'ओ काका, लाइट काय फुकट येते का?' हा आपला तोंडी आदेश, भर गर्दीत.

महोदय,



रविवारी आपण माझ्या चार्जरची पिन ज्या चपळाईने उपटलीत, तिला प्रथम दाद देतो. ऑर्डर घ्यायला आपल्याकडे कुणी फिरकत नव्हतं. पिन उपटायला मात्र साक्षात मालक गल्ला सोडून आले. जावई म्हणून सासुरवाडीतही माझ्यासाठी कुणी एवढ्या लगबगीने उठल्याचं आठवत नाही.

मी त्या दिवशी बॅटरीच्या सायकलवरून पुण्याहून वाईला बहिणीकडे निघालो होतो. जुन्या कात्रज घाटाने अर्धीअधिक बॅटरी खाल्ली होती आणि पुढे खंबाटकी आ वासून उभा होता. दुकानदाराने सांगितलेले 'एका चार्जिंगला पन्नास किलोमीटर' बहुधा टेबलावर मोजलेले असतात. आणि बॅटरी संपलेली ही सायकल म्हणजे वीस किलोच्या वरचं लोखंड. घाटात ती माणसाला नेत नाही, माणूस तिला नेतो. म्हणून मिसळ खाईपर्यंत तासभर चार्जिंगला लावावी, असा माझा कट होता.

लाइट फुकट येते का? प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तर हिशोबानेच देतो. माझी बॅटरी ३६ व्होल्टची, १० अँपिअर-अवरची. म्हणजे ३६० वॉट-अवर. चार्जर तापण्यात वाया जाते ती धरली तरी अगदी रिकामी बॅटरी काठोकाठ भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. आपला धंद्याचा मीटर. सगळे आकार-अधिभार धरून युनिटला पंधरा रुपये समजू. सात रुपयांच्या आत मामला आटोपला. पण पूर्ण भरायला पाच तास लागतात आणि पाच तास मिसळ खाण्याची माझी प्रकृती नाही. तासाभराचं बोला. चार्जर दोन अँपिअरचा, जेमतेम ८५ वॉट. तासाला दीड रुपया.

दीड रुपया, महोदय! माझ्या ताटलीतली लिंबाची फोड त्याहून महाग असेल, आणि ती आपण न मागता दिलीत.

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ एका चहावर लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांच्या चार्जरवर ६५ वॉट लिहिलेलं मी वाकून वाचलं, कारण तोवर मी पुरता चिडलो होतो. त्यांच्या पिनकडे आपण ढुंकूनही पाहिलं नाहीत. उलट वायर पुरेना म्हणून पोराने त्यांना एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला. बाहेर टळटळीत उन्हात आपल्या नावाची दिव्यांची पाटी लुकलुकत होती, ती कुणाच्या सोयीसाठी? मग दोघांत फरक एवढाच उरतो की ते गाडीतून उतरले होते आणि मी सायकलवरून. गाडीतून उतरणारा लाइट वापरतो, सायकलवाला चोरतो.

आपण वर एक कायदाही ऐकवलात : 'आम्हाला लाइट विकता येत नाही.' फुकट द्यायची नाही आणि विकताही येत नाही! केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केलं आहे की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. तिला परवाना लागत नाही. आपल्याला हे ठाऊक असणारच. कारण आपल्याच आवारात हिरवं छप्पर घालून मोटारींचा चार्जर उभा आहे. त्याच्या पुढ्यात एक डिझेलची गाडी सावलीला लावलेली होती, ते सोडा.

त्या चार्जरकडेही मी गेलो होतो. त्याच्या गनला माझी साधी थ्री-पिन बसत नाही. बाजूचा कोड स्कॅन केला तर अ‍ॅपने पहिलाच प्रश्न टाकला : वाहन क्रमांक? आता आली पंचाईत. कायद्याच्या लेखी २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेली सायकल मोटार वाहनच नाही. नोंदणी नाही, लायसन नाही, नंबर नाही. विकत घेताना मी यावर पेढे वाटले होते. सरकारने मला इतकं मोकळं सोडलंय की मी त्याच्या हिशोबातच नाही. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची म्हटलंय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू इथे विजेच्या मोटारींना टोल माफ. अभिनंदन. सायकलला त्या तिन्ही रस्त्यांवर शिरकावच नाही, तेव्हा टोलचा आनंद आम्ही लांबूनच साजरा करतो.

वाटेतल्या इतर दात्यांचीही नोंद असू द्या. पेट्रोल पंपावर हवा फुकट, प्लगचं नाव काढलं की माणूस मागे सरकतो. भक्तनिवासात बोर्ड आहे. किल्ली ट्रस्टींकडे, ट्रस्टी पुण्यात. एसटीने १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर, म्हणजे १९४८ साली पहिली एसटी धावली त्याच वाटेवर, विजेवरची शिवाई सोडली. बसला वीज मिळाली. स्टँडवर मोबाइल चार्जिंगच्या खोक्यातून मात्र फक्त वायरी लोंबतात.

हे सगळं मी गिळलं असतं. पण आपण 'फुकट' म्हणालात. चार माणसांत, मिसळीचे पैसे आधी मोजून घेतल्यावर! अहो, मी उभ्या जन्मात शेजाऱ्याचं वर्तमानपत्रसुद्धा विचारल्याशिवाय उचललं नाही. 'तासाचे किती घेणार?' असं मी पिन लावतानाच आपल्या पोराला विचारलं होतं, त्याने खांदे उडवले. पैसे घ्यायचे नाहीत, दर सांगायचा नाही, आणि वर देणाऱ्यालाच फुकट्या ठरवायचं! ही कुठली रीत आहे? तुम्हाला दीड रुपयाची पडलेली नव्हती. सायकलवरून आलेल्या, घामाने निथळणाऱ्या माणसाला चारचौघांत हटकता येतं, म्हणून तुम्ही हटकलंत. टाय घातला असता तर 'सर, जरा प्लग काढता का?' असं म्हणाला असतात.

आणि हे एका हौशी काकाचं दुखणं असतं तर सोडूनही दिलं असतं. शहरात जेवणाचे डबे आणि पार्सलं पोहोचवणारी पोरं अशाच सायकली चालवतात. त्यांची बॅटरी दुपारी संपते, ऑर्डर संध्याकाळी सुरू होतात. मधल्या वेळात ती पोरं कुठल्या भिंतीला विनवणी करतात, ते पाहा एकदा.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूने बोलतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला एका हॉटेलखालच्या विजेच्या दुचाकींच्या शोरूममध्ये आग लागली आणि हॉटेलातली आठ माणसं दगावली. त्या वर्षी उभ्या गाड्या पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. तुमच्या त्या बोर्डाला लागून किचनचं दार आहे, आत सिलिंडरची रांग. कोण कुठला काका, बॅटरी कुठल्या कारखान्यातली, चार्जर सायकलबरोबर आलेला की फुटपाथवरून उचललेला, तुम्ही कसं ओळखणार? आगीनंतर बॅटरीच्या कसोट्या कडक झाल्या त्या मुख्यतः नोंदणीच्या गाड्यांसाठी. आमच्या सायकलीच्या पेटीत काय भरलंय ते तुम्ही कुणाला विचारणार? उद्या काही झालं तर पोलीस तुमच्याच दारात येणार आणि विमा कंपनी तुमच्याच कागदांत खोट काढणार. त्या जागी मी असतो तर मलाही घाम फुटला असता. 'काका, मला भीती वाटते' एवढं म्हणाला असतात, तर मी बॅटरी उचलून बाहेर नळापाशी नेली असती आणि तुमचे आभार मानले असते.

तुम्ही भीतीचं बोलला नाहीत. तुम्ही दीड रुपयाचं बोललात.

तुमच्याकडून निघालो तो पुढे पंक्चरवाल्याकडे थांबलो. देवमाणूस वगैरे अजिबात नव्हता. त्याने आधी तीस रुपये मागितले, खिशात घातले, मग टपरीबाहेरच्या खांबावरचा बोर्ड दाखवला. चार्जरला हात लावून तापतोय का पाहिलं आणि बॅटरी टायरांपासून लांब, मोकळ्यावर ठेवायला लावली. दीड रुपयाच्या विजेचे तीस रुपये : वीसपट! तुमचा मिसळीवरचा नफाही एवढा नसेल. शेजारच्या गाडीवर मी दोन चहा आणि एक वडापाव घेतला, म्हणजे तोही खूश. तुमची जागा याहून ऐसपैस आहे. पार्किंगच्या कडेला, किचनपासून दूर, स्वतंत्र एमसीबी टाकून एक बोर्ड बसवा आणि वर पाटी लावा : 'सायकल चार्जिंग, तासाला ३० रुपये.' हवे तर चाळीस लिहा. घासाघीस करणार नाही.

आपला,
एक गिऱ्हाईक (माजी)

ता. क. : शेव मऊ पडली होती. भांडणाच्या नादात सांगायचं राहून गेलं.