आठांतले एक अंग धरून योगी कसे व्हावे

जूनची २१ तारीख जवळ आली की सोसायटीच्या हॉलमध्ये योगवर्ग सुरू होतो आणि पलंगाखालची चप्पल काठीने ओढणारे गृहस्थही नाव नोंदवतात. अशा नवसाधकाचे अंग आखडले तरी जीभ आखडू नये, म्हणून ही मार्गदर्शिका.

पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. सुज्ञाने थेट तिसऱ्यापासून आरंभ करावा. पहिल्या दोघांत फार गैरसोय आहे. यम पाच: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. अस्तेय म्हणजे दुसऱ्याचे न घेणे. ते पाळले तर काकूंनी रुमाल टाकून धरलेली पंख्याखालची जागा हातची जाते. अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त न जमवणे; मग मॅट, मॅटची पिशवी आणि पिशवीला शोभेल अशी बाटली कोणी घ्यायची? नियमांत तर ‘संतोष’ आहे. तो अंगी बाणला की शेजाऱ्याचे हात पायाच्या अंगठ्याला पोचतात, याचे दुःखही करता येत नाही.

आसनांवर पतंजलींनी जेमतेम तीन सूत्रे खर्चली. बैठक स्थिर आणि सुखाची असावी, एवढीच त्यांची अपेक्षा. एकाही आसनाचे नाव त्यांनी घेतलेले नाही. हे वर्गात बोलू नये, शिक्षक खट्टू होतात. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त १५ आसने आली, ‘घेरंडसंहिते’त ३२, आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६च्या ‘लाइट ऑन योगा’त ती दोनशेच्या घरात गेली. त्याच अय्यंगारांनी दोर, पट्टे आणि ठोकळे देऊन न वाकणाऱ्यांचीही सोय लावली. ‘हठप्रदीपिके’च्या पंधरांत शवासन आहे, तेव्हा घोरणाऱ्याने ओशाळू नये.

श्वास आत घेणे पूरक, रोखणे कुंभक, सोडणे रेचक. कपालभाती हा प्राणायामच, असे ठासून सांगणारा एकजण प्रत्येक वर्गात असतो. ‘हठप्रदीपिका’ मात्र तिला धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या पंगतीला, शुद्धिक्रियांत बसवते. वाद घालू नये. सूर्यनमस्कारांचेही तेच: ते या ग्रंथात नाहीत, त्यांचा हिरिरीने प्रसार केला तो गेल्या शतकात औंधच्या पंतप्रतिनिधींनी.

मोबाइल वाजला आणि साधकाचे तिकडे लक्षच गेले नाही, तर तो प्रत्याहार. वाजण्यावरून कोणाचा ते ओळखले, तर नव्हे. धारणा म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधणे. कांदेपोह्यांवर ती सर्वांनाच साधते. तीच न तुटता वाहत राहिली की ध्यान. समाधीला वेळ राखलेला नाही, सात वाजता हॉल झुंबावाल्यांना द्यावा लागतो.

एवढ्यावर न भागणाऱ्या चिकित्सकाने लोणावळ्याची वाट धरावी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये तिथे कैवल्यधाम स्थापले आणि उड्डियान, नौलीसारख्या क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या.

एक सूचना मात्र थट्टेवारी नेऊ नये: कपालभाती भरल्या पोटी करू नये, आणि रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.