पॉइंटपंत

सोसायटीतल्या मंडळींचं बाहेर जेवण ठरलं की बिल यायच्या सुमारास एक गृहस्थ फार उदार होतात. बाकीचे पाकिटाकडे हात नेण्याचा अभिनय करत असतात, तोवर यांचं कार्ड वेटरच्या हातात गेलेलंही असतं. "असू द्या हो, मी देतो." टेबलावर क्षणभर गहिवर पसरतो. तो ओसरायच्या आत प्रत्येकाचा फोन वाजतो : माणशी ७४०, यूपीआय करा, नंबर हाच. पैसे तुमचे तुम्ही दिलेत, जेवण तुमचं तुम्ही जेवलात. त्या बिलाचे पॉइंट तेवढे यांच्या खात्यात गेले.

यांना आम्ही पॉइंटपंत म्हणतो. आमचे पंत कोथरूडला राहतात, तुमचे ठाण्याला राहत असतील. शेजाऱ्यांचा फ्रिज, भाच्याच्या क्लासची फी, वरच्या मजल्यावरच्यांच्या गाडीचे टायर, यातलं काहीही घ्यायचं असो, पंत मध्ये पडतात. "मी कार्डावर घेतो, तुम्ही मला ट्रान्सफर करा." परोपकार म्हणावा तर तो आहेच, कारण शेजाऱ्याला पाच टक्के सूटही मिळते. रोख पैसे देणाऱ्या माणसाकडे मात्र ते ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं आपण नळ उघडा टाकून गेलेल्या माणसाकडे बघतो.

पंतांचे वडील पोस्टात आवर्ती ठेव भरत. त्यांच्या बचतीला ठरलेला शेवट असे : मुलीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, काशीयात्रा. पंतांनी वडिलांची चिकाटी जशीच्या तशी उचलली. फक्त त्यांच्या बचतीचा शेवट म्हणजे एक रात्र, तीही दुसऱ्याच्या गादीवर.

पंतांना या विषयाचा इतिहास विचारू नये. विचारलात तर तो १९८१ पासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सनं नेहमीच्या प्रवाशांच्या खात्यात मैल जमा करायला सुरुवात केली आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी तीच युक्ती उचलली. युक्ती खरोखर नामी होती. कामासाठी फिरणारा साहेब राहतो कंपनीच्या पैशानं आणि पॉइंट घेतो स्वतःच्या नावावर. मग रस्त्यापलीकडचं हॉटेल हजार रुपयांनी स्वस्त असलं तरी तो तिकडे ढुंकून बघणार नाही. पुढे यात बँका शिरल्या. त्या हॉटेलांकडून पॉइंट घाऊक भावानं घेतात आणि कार्डवाल्यांना किरकोळीत वाटतात. त्यामुळे आज पंत हॉटेलाचा उंबरा न ओलांडता, निव्वळ किराणा आणि विम्याचे हप्ते भरून लाखभर पॉइंटांचे धनी होऊ शकतात.

या चलनात एकच खोट आहे. नोटा छापणारा, त्यांचा भाव ठरवणारा आणि त्या घेऊन खोली देणारा, हे तिघंही एकच. पूर्वी मॅरियटचा एक तक्ता असे. अमुक दर्जाचं हॉटेल, तमुक पॉइंट. पंतांना तो पाढ्यांसारखा पाठ होता. मार्च २०२२ मध्ये कंपनीनं तो मोडीत काढला आणि खोलीच्या भावाबरोबर पॉइंटही वर-खाली होऊ लागले. त्या संध्याकाळी पंत बाल्कनीत अंधारात बसले होते. वहिनी घाबरून म्हणाल्या, "अहो, कोण गेलं?"

"तक्ता गेला."

तेव्हापासून पॉइंट साठवावा की उडवावा, या विवंचनेत त्यांची झोप जाते. साठवला तर आटतो. उडवायला जीव होत नाही. शिवाय २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही, तर असलेलेही बुडतात. ती भीती पंतांना अर्थात नाही. त्यांच्या खात्यात हालचाल नाही असा आठवडा जात नाही.

पॉइंटांच्या पलीकडे आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे दर्जा. मॅरियटमध्ये वर्षाला ५० रात्री भरल्या की माणूस प्लॅटिनम होतो. मग न्याहारी, जमलं तर मोठी खोली, दुपारी चारपर्यंत मुक्काम. एका डिसेंबरात पंतांच्या ४८ रात्री भरल्या होत्या. ३० तारखेला ते छोटी बॅग घेऊन खाली उतरले. वॉचमननं विचारलं, "काका, गावाला?"

"सेनापती बापट रोडला."

"परत कधी?"

"परवा सकाळी."

घरापासून दहा मिनिटांवरच्या हॉटेलात पंत दोन रात्री एकटे झोपून आले. वहिनींनी सोबत जायला साफ नकार दिला. "घरात एवढी कापसाची गादी पडलीये," एवढंच त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. जगभरच्या पॉइंटवाल्यांत या प्रकाराला 'मॅट्रेस रन' म्हणतात, हे पंतांनी मला अभिमानानं सांगितलं. बाहेर जगभर आपले भाऊबंद पसरलेत, या विचारानं त्यांना धीर येतो.

एवढं वाचून पंतांना हसणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. परक्या शहरात हॉटेल कुठे घ्यावं, हे या माणसाइतकं कोणालाही कळत नाही. आपण काय करतो? साइटवर 'स्वस्त आधी' असं लावतो आणि नावात शहराचं नाव दिसलं की पैसे भरतो. मग विमानतळामागच्या गोदामांच्या रांगेत उतरून आठ दिवस टॅक्सीवाल्यांचे संसार चालवतो. पंत अशा हॉटेलांना 'नावापुरती' म्हणतात. 'शहराच्या मध्यापासून फक्त १२ किलोमीटर' हे वाक्य वाचलं की त्यांना शिसारी येते. 'वॉकिंग डिस्टन्स' दिसलं की ते विचारतात, "कोणाच्या पायानं?" नकाशावर ते सरळ रेघ कधीच धरत नाहीत. स्टेशनच्या कुठल्या दारातून बाहेर पडायचं, वाटेत जिने किती, सिग्नल किती, रात्री नऊनंतर त्या गल्लीत दुकानं उघडी असतात का, हे सगळं ते गूगलच्या रस्त्यांवरून बोटानं चालत जाऊन बघतात.

लंडन ठरलं तेव्हाची गोष्ट. वहिनी शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यातली एकमेव मागणी केली, की लंडन बघायचं. पंत म्हणाले, "पाच रात्री." वहिनी म्हणाल्या, "आठ तरी राहू." पंतांनी समजावलं, की पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर पाचातली सर्वांत स्वस्त रात्र फुकट पडते. म्हणून मुक्काम पाचाचा नाही तर दहाचा. आठ हा आकडा निसर्गात नाही. नागपूरच्या लग्नालाही हे लोक पाच रात्री राहिले होते; मुलीकडची मंडळी पाठवणी करून आपापल्या गावी गेली, तरी हे तिथंच.

मग दोन महिने संशोधन चाललं. पॅडिंग्टन बाद झालं, कारण वहिनींना नदी हवी होती. कॅनरी व्हार्फला नदी होती, पण पंतांच्या मते तिथं बँकांखेरीज बघायला काही नाही. शेवटी बोट थेम्सच्या दक्षिण काठावर, वेस्टमिन्स्टर पुलाच्या तोंडाशी असलेल्या काउंटी हॉलवर टेकलं. १९२२ मध्ये पंचम जॉर्जनं उद्घाटन केलेली ही भव्य वास्तू. इथून लंडनचा कारभार चालायचा. १९८६ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारनं ग्रेटर लंडन कौन्सिलच बरखास्त केली आणि इमारत रिकामी झाली. आता तिच्यात मॅरियट आहे. समोर पार्लमेंट, शेजारी लंडन आय.

गंमत अशी, की त्याच इमारतीत मागच्या अंगाला प्रीमियर इन नावाचं साधं हॉटेलही आहे. तोच पूल, तीच नदी, तेच स्टेशन, भाडं मात्र कितीतरी कमी. मी भाबडेपणानं म्हटलं, "पंत, मग तिथंच राहा की. लोकेशन एकच."

पंतांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तिथं रोख द्यावे लागतात."

मग त्यांनी हिशेब मांडला. समजा खोली रात्रीला ३५० पौंड, म्हणजे चाळीस हजार रुपये धरा. पॉइंट लागतात ६५ हजार. पॉइंटला साधारण ६२ पैसे सुटले. पाचवी रात्र फुकट धरली तर तोच पॉइंट ७७ पैशांवर जातो. पन्नास पैशांखाली पॉइंट हातचा सोडायचा नाही, हा पंतांचा नियम. सत्त्याहत्तर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मुलाला आयआयटीत प्रवेश मिळाला तेव्हा आलं नव्हतं. मी म्हटलं, "पण पंत, ३५० पौंडांची खोली तुम्ही पैसे देऊन कधी घेतली असतीत का?" या प्रश्नावर हे सगळे लोक ऐकू न आल्यासारखं करतात. वाचलेले पैसे म्हणजे काय, हे ठरवताना ते आपण कधीच न केलेला खर्च धरतात. सगळा डोलारा तेवढ्या एका खांबावर उभा आहे, तेव्हा मीही फार हलवून पाहिला नाही.

जाण्याआधीच पंत लंडनला पोचले होते. हीथ्रोवरून पिकॅडिली लाइननं ग्रीन पार्क, तिथं ज्युबिली लाइन धरून पुढच्याच स्टेशनला वेस्टमिन्स्टर. सगळीकडे लिफ्ट, बॅग एकदाही उचलावी लागत नाही. मग पूल ओलांडला की हॉटेल. कधीही न पाहिलेल्या शहरात पंत रस्ता न विचारता गेले, आणि वहिनी सांगतात की पुलावर समोर बिग बेन उभं असताना यांचं लक्ष फोनमधल्या बुकिंग नंबराकडे होतं.

काउंटरवर पंतांनी प्लॅटिनम हा शब्द न उच्चारता तो समोरच्याला आठवेल अशा बेतानं कार्ड ठेवलं. हा त्यांचा खास हातखंडा. खोली मिळाली ती नदीवरची. पडदा सारला की थेम्स, तिच्यापलीकडे पार्लमेंट आणि घड्याळाचा मनोरा. शहरातली मोक्याची जागा शोधायला दोन महिने घालवणाऱ्या माणसाला ती तंतोतंत सापडली होती. आणि इथूनच वहिनींचे हाल सुरू झाले.

कारण पंत बाहेर पडेनात. सकाळची न्याहारी फुकट, म्हणून ती साडेआठला सुरू होऊन वाढपी टेबलं आवरू लागेपर्यंत चाले. पंत घरी एका पोळीवर उठतात. तिथं अंडी, तीन प्रकारचे पाव, मश्रूम, फळं, आणि "हे घे, बाहेर आठ पौंड पडतात" असं म्हणून वहिनींच्या ताटात दही. मग दुपारचं जेवण वाचवायचं असल्यामुळे पुन्हा एक फेरी. एवढं झाल्यावर माणूस आडवाच होणार. वहिनींनी बिग बेनपाशी जाऊ म्हटलं तर खिडकीकडे हात. "हे काय, दिसतंय की! ज्या व्ह्यूचे लोक चारशे पौंड मोजतात, तो सोडून खाली गर्दीत जायचं?" नॅशनल गॅलरी पायी पंधरा-वीस मिनिटांवर, तीही फुकट. पण जे सगळ्यांनाच फुकट मिळतं, त्यात पंतांना रस नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच निघाल्या. वॉटर्लूपर्यंत चालत, तिथून नॉर्दर्न लाइननं गाडी न बदलता चॉक फार्म, आणि मग दहा, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे. वर्गात किती पोरांना हा धडा शिकवला, आणि घर आज बघितलं, असं त्या मला म्हणाल्या. तिथून जवळच्या प्रिमरोज हिलवर चढून त्यांनी सगळं लंडन एका नजरेत पाहिलं आणि एका मराठी विद्यार्थिनीशी तासभर गप्पा मारल्या. परतल्यावर पंतांनी विचारलं, "तिकीट कशावर काढलंस? कार्डावर ना? कुठल्या?" वहिनींनी चुकून डेबिट कार्ड टेकवलं होतं. रात्री दोघांत बोलणं नव्हतं.

निघायच्या दिवशी विमान रात्री नऊचं होतं. वहिनी बॅग खाली ठेवून पुन्हा नदीकाठानं फिरायला गेल्या. पंत दुपारी चारच्या ठोक्यापर्यंत खोलीत बसून राहिले. हक्क होता म्हणून. झोप आली नव्हती, पुस्तक नव्हतं, टीव्हीवर क्रिकेट नव्हतं. बसले.

परवा खाली कट्ट्यावर भेटले. मी विचारलं, "कसं काय लंडन?"

"सत्त्याहत्तर पैसे," पंत म्हणाले. "हल्ली मिळत नाही असा रेट."

वहिनी शेजारीच होत्या. त्या मोबाइलवर मला किंग हेन्रीज रोडचे फोटो दाखवू लागल्या. पंतांनी एक फोटो बघितला, दुसऱ्याला मान हलवली आणि मला जरा बाजूला घेतलं.

"तुमच्या धाकटीचं लग्न डिसेंबरात ना? कार्यालयवाला कार्ड घेतो का, तेवढं विचारून ठेवा. आणि केटररला म्हणावं, ॲडव्हान्स द्यायला माझा एक मित्र येईल."